पुढचा ब्रेक

नवसू विशेंना उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. डावा डोळा अजून काम देत होता, पण उन्हात त्यालाही सगळं दुधाळ दिसे. दिवेलागणीला पडवीत कोण आलं हे ते पावलांवरून ओळखत आणि आधीच नाव घेऊन हाक मारत, म्हणजे समोरच्याला शंका येत नसे.

सांगायचं नव्हतं त्याला कारण होतं. एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून सगळं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन टोकावड्याला घरी आल्यावर त्यांनी पडवीत जुन्या सायकली दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. आसपासच्या पाड्यांवरून लोक गंजलेल्या, वाकलेल्या सायकली आणत आणि नवसू त्या चालत्या करून देत. डोळ्याचं कळलं असतं तर बायको भिमाबाईंनी दुसऱ्याच दिवशी पाने आणि टायरकाढण्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या असत्या. मग दिवसभर करायचं काय, हे नवसूंना सुचत नव्हतं.

त्यांच्या पडवीतली सगळ्यात चांगली सायकल सुनेची होती. मनस्वी सापगावची. शाळेत असताना नदीवरचा पूल ओलांडून रोज शहापूरला सायकलनं जायची. लग्न होऊन टोकावड्याला आली, मुरबाडला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली, आणि तिथं तिला सारिका भेटली. सारिका शाळेत शिकवायची आणि रविवारी चार-पाच जणांबरोबर सायकलवर लांब लांब जायची. कधी धसईकडे, कधी शहापूरच्या रस्त्याला, कधी थेट माळशेज घाटात. मनस्वीनं एकदा घरी सहज विषय काढला. भिमाबाई म्हणाल्या, "घाटात सायकल घेऊन जायची काय गरज? आमी काय डोंगर बघितले नाय?" पुढच्या महिन्यात कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून नवसू बारीक नळ्यांची, वाकड्या हँडलची जुनी रेसर सायकल घेऊन आले. पावसाळाभर तिच्यावर काम केलं. गंज घासला, चाकं सरळ केली, निळा रंग दिला. दसऱ्याला ती सुनेच्या हातात दिली तेव्हा भिमाबाईंनी दोघांकडे बघून नुसता सुस्कारा टाकला.

तेव्हापासून मनस्वी दर रविवारी पहाटे निघायची आणि जेवणवेळेला परत यायची. आल्यावर सासऱ्यांना सगळं सांगायची. कुठं चेन वाजली, कुठला चढ जड गेला, सीट किती वर हवी. नवसू ऐकत आणि संध्याकाळी तेवढं दुरुस्त करत. घरात या दोघांचं एवढं बोलणं दुसऱ्या कशावर होत नसे.

मार्गशीर्षातला एक शनिवार. भाताची झोडणी उरकत आली होती. मनस्वी कामावरून आली आणि म्हणाली, "बाबा, ब्रेकची रबरं पार झिजलीत. उद्या माळशेजला जायचंय."

"आण इकडं. नवी घालून देतो."

जुन्या सायकलच्या ब्रेकचं रबर पत्र्याच्या छोट्या खोबणीत सरकवून बसवलेलं असतं. खोबणीचं एक तोंड बंद आणि एक उघडं. बंद तोंड सायकलच्या पुढच्या बाजूला यावं लागतं, कारण ब्रेक दाबला की फिरतं चाक रबराला पुढं ओढतं. बंद तोंड त्याला अडवून धरतं. खोबणी उलटी बसली, तर हळू दाबताना काही कळत नाही. जोरात दाबलं की रबर सटकन बाहेर निघून जातं.

नवसूंनी आधी मागचा ब्रेक घेतला. सायकलच्या मागं पाटावर बसून, अंगठ्यानं बंद तोंड चाचपून, ते आपल्यापासून लांब ठेवून खोबण्या आवळल्या. तेवढ्यात भिमाबाईंनी भाताची पोती आत ओढायला बोलावलं. परत आले तेव्हा अंधारून आलं होतं. पाट उचलून ते सायकलच्या पुढं जाऊन बसले आणि दुसऱ्या ब्रेकला हात घातला.

मनस्वी दारात उभी होती. "बाबा, दिसतंय ना? बॅटरी धरू?"

"मला बॅटरी कशाला?" नवसू म्हणाले.

काम झालं. मनस्वीनं ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघितली. चाक जागेवर थांबलं. ती समाधानानं आत गेली.

रविवारी पहाटे ती निघाली तेव्हा नवसू जागेच होते. फाटकाचा आवाज आला आणि चेनचा आवाज रस्त्याकडं गेला. ऊन वर आल्यावर शेजारची काशी नवऱ्याची सायकल ढकलत घेऊन आली. तिचीही रबरं बदलायची होती. नवसू सवयीनं सायकलच्या मागं पाट टाकून बसले, रबर घातलेली खोबणी उचलली, अंगठ्यानं बंद तोंड शोधलं आणि ते आपल्यापासून लांब केलं.

आणि त्यांचा हात थांबला.

काल पुढच्या ब्रेकला ते सायकलच्या पुढं बसले होते. हातांनी मात्र मागं बसल्यासारखंच केलं होतं. बंद तोंड आपल्यापासून लांब, म्हणजे सायकलच्या मागच्या बाजूला. डोळ्यांना दिसत असतं तर ती चूक तिथल्या तिथं कळली असती. त्यांनी डोळे मिटले आणि कालची बैठक पुन्हा आठवून बघितली. दोन्ही खोबण्या. दोन्ही उलट्या.

"काय झालं काका?" काशीनं विचारलं.

"तुझा फोन दे जरा."

मनस्वीचा फोन लागला नाही. पुन्हा लावला. संपर्काच्या बाहेर. घाटाच्या अंगाला गेलं की तसंच व्हायचं. मुलाला, अमोलला लावला. तो भिवंडीला गोदामात रविवारच्या पाळीवर होता आणि तिथं फोन बाहेर जमा करून आत जावं लागे. घंटा वाजत राहिली. मोटारसायकलही त्याच्याकडेच होती.

जाताना घाट चढायचा असतो. चढताना ब्रेक लागत नाही. आता ती वर पोचली असेल, किंवा पोचत असेल. वर थोडं बसतील, चहा घेतील. मग उतार.

नवसूंनी पाना आणि दोन खोबण्या खिशात टाकल्या आणि चपला घातल्या. भिमाबाई सूप घेऊन बाहेर आल्या. "आवं, कुठं निघालात न खाता?"

"मनस्वीचं एक काम राह्यलंय."

"आल्यावर करा की."

नवसू फाटकाबाहेर पडले होते.

मुख्य रस्त्यावर ते उभे राहिले. गाड्या येत होत्या, पण जवळ येईपर्यंत त्यांना नुसता पांढुरका गोळा दिसे. एका गाडीला हात केला, ती कुणाची तरी खासगी निघाली आणि भोंगा वाजवत गेली. मग एक जीप आपणहून थांबली. "वैशाखरे, मोरोशी," पोरगेला ड्रायव्हर ओरडला. नवसू मागं चढले. जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कुणी कोंबडी घेऊन चढत होतं, कुणी सावकाश सुट्टे पैसे शोधत उतरत होतं. नवसू बोटांनी खिशातली खोबणी चाचपत बसले. त्यांना मध्येच वाटलं, हात चुकीचं तर सांगत नसतील? कदाचित बरोबरच बसवलं असेल. पण अंगठ्याला कालचं सगळं पक्कं आठवत होतं.

मोरोशीला जीप संपली. रस्त्याकडेच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "सायकलवाले गेले का?"

"कवाच गेले वर. दोन बायका पण हायत त्यांच्यात," टपरीवाला म्हणाला. "अजून उतरले नाय."

पुढं घाट सुरू होत होता. एसटी कधी येईल याचा नेम नव्हता. पण वरच्या अंगाचे भाजीचे टेम्पो रात्री माल उतरवून सकाळी रिकामे परत जातात, हे नवसूंना माहीत होतं. ते रस्त्याच्या अगदी मधोमध जाऊन उभे राहिले. पहिल्याच टेम्पोनं करकचून ब्रेक मारला.

"मरायचंय का बाबा?" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"घाटात सोड. माझी सून वर हाय. तिच्या सायकलचा ब्रेक चुकलाय."

ड्रायव्हर ओतूरकडचा, दाढी वाढलेला माणूस होता. त्यानं दार आतून उघडलं. नवसूंनी जमेल तसं सांगितलं. ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीचा वेग वाढवला.

वळणं सुरू झाली. एका बाजूला कातळ आणि त्याच्या पायाशी पाण्याचा चर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि दरी. नवसू काचेला नाक लावून बसले होते. काचेवर ऊन पडलं होतं आणि पलीकडे सगळं दुधात बुडाल्यासारखं होतं.

"बघत राहा बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "माझं ध्यान वळणावर हाय."

नवसू काचेपासून मागं सरकले आणि म्हणाले, "तूच बघ. मला दिसत नाय."

"म्हंजी?"

"डोळ्यांनी दिसत नाय. म्हणून तर चुकलं."

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि तेही नाव माहीत नसलेल्या माणसाला. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे एकदा वळून बघितलं. "बरं," तो म्हणाला. "मी सांगतो."

पुढच्या वळणावर तो म्हणाला, "आले. दोघं. बाप्ये हायत." दोन सायकली सर्रकन बाजूनं गेल्या. मग एक ट्रक. मग बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "बाई हाय. लाल सायकल."

"ती न्हवं. निळी."

लाल सायकलवर सारिका होती. ती गेली. नवसूंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. वारा कानात घोंगावत होता.

"निळी," ड्रायव्हर एकदम म्हणाला. "आली बघा, वळणातनं आली."

त्यानं भोंगा दाबून धरला. नवसू जिवाच्या आकांतानं ओरडले, "मनस्वी, पुढचा ब्रेक दाबू नको गो."

मनस्वीनं नंतर सांगितलं, तिला त्यातलं फक्त स्वतःचं नाव ऐकू आलं. टेम्पोच्या खिडकीत सासऱ्यांचं तोंड दिसलं आणि ती दचकली. घरी काहीतरी भलतंच झालं असं तिला वाटलं. थांबायला म्हणून तिनं दोन्ही ब्रेक सगळ्या जोरानं आवळले.

नवसूंना दिसलं काही नाही. त्यांनी ऐकलं. आधी चाकाची सरसर, मग पत्र्यानं लोखंड खरवडल्याचा आवाज, मग मागचं टायर घासत गेल्याचा, आणि मग दगडांवर काहीतरी आपटल्याचा. त्यानंतर टेम्पोच्या इंजिनाची घरघर तेवढी राहिली.

टेम्पो थांबायच्या आत त्यांनी दार उघडून उडी टाकली. एक पाय मुरगळला, पण ते उताराला धावत सुटले. कातळ कुठल्या बाजूला आणि दरी कुठल्या, हे ते उन्हाच्या आणि वाऱ्याच्या अंदाजानं ठरवत होते. पुढं रस्त्याकडेला काहीतरी निळं होतं. ती सायकल होती की तिचे कपडे, ते कळेना.

"बाबा, थांबा." आवाज खालून, कातळाच्या बाजूनं आला. "तिथंच थांबा. गाडी येतेय."

ते थांबले. एक मोठी गाडी त्यांच्या कोपराजवळून गेली. ती येताना त्यांना दिसली नव्हती.

मनस्वी चरात बसली होती. दरीच्या बाजूला जाण्यापेक्षा तिनं सायकल कातळाकडं वळवली होती. हेल्मेट एका बाजूनं चेपलं होतं, गुडघा सोलला होता आणि डावा हात तिनं उजव्या हातानं छातीशी धरला होता. नवसू तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. तिच्या खांद्याला हात लावायला गेले तशी ती कळवळली.

"घरी काय झालं?" तिनं विचारलं.

"घरी काय नाय. ब्रेक मी उलटा बसवला. ते सांगाया आलो."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "ती गाडी तुम्हाला दिसली नाही."

"नाय."

"समोरून येत होती, बाबा. भोंगा वाजवत."

तेवढ्यात सारिका सायकल हातात घेऊन चढ चढत परत आली, आणि टेम्पोवाला वरच्या रुंद वळणावर गाडी फिरवून खाली आला. दोघांनी मिळून मनस्वीला पुढं बसवलं आणि सायकल मागं टाकली. ओतूरला जायचं सोडून ड्रायव्हरनं गाडी मुरबाडच्या रस्त्याला घातली.

वाटेत प्रत्येक खड्ड्याला मनस्वी ओठ आवळत होती. वैशाखरे मागं पडल्यावर ती म्हणाली, "कधीपासून?"

"मागल्या होळीपासून. आधी जरा जरा."

"आणि मी काल विचारलं. बॅटरी धरू का म्हणून विचारलं मी तुम्हाला."

"हां."

"मग हो का नाही म्हणालात?"

नवसू खिशातला पाना धरून बसून राहिले.

खांद्याचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून मनस्वी घरी आली तेव्हा अमोल येऊन पोचला होता. तो आल्यापासून सायकलभोवती फेऱ्या मारत होता. "ही उद्याच्या उद्या भंगारात जाणार," तो म्हणाला. "आणि तुमचा हा कारखाना पण बंद, बाबा."

नवसूंना वाटलं होतं, मनस्वी काहीतरी सावरून घेईल. रस्त्यात दगड आला म्हणेल, पाय घसरला म्हणेल. ती भिंतीला टेकून बसली आणि सरळ म्हणाली, "बाबांना दिसत नाही. होळीपासून त्यांनी लपवलं. आधी त्यांचे डोळे बघा, सायकलचं नंतर."

भिमाबाई चुलीपुढून उठून आल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यापासून पण?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या रात्री नवसू जेवले नाहीत, आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. शहापूरला आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मग काही आठवड्यांनी डाव्याची. अमोलला सुट्टी मिळेना, तेव्हा मनस्वीच त्यांना घेऊन गेली. तिचा एक हात अजून बांधलेला होता. दुसऱ्या हातानं ती त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची, वेळ सांभाळायची. पण पूर्वीसारखं बोलायची नाही. थेंब टाकून झाले की उठून जायची.

पट्टी सुटल्यावर नवसू पहिल्यांदा पडवीत गेले आणि निळ्या सायकलपुढं बसले. पुढच्या चाकाच्या कडेवर पत्र्यानं ओरबाडलेल्या खोल रेघा होत्या. खोबणी अजून तशीच उलटी होती. कुणी हात लावला नव्हता. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

मग त्यांना दुसरंच काही सुचलं. गेल्या वर्षभरात त्यांच्या हाताखालून कितीतरी सायकली गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ते पिशवीत पाने घेऊन निघाले. काशीच्या घरापासून सुरुवात केली. मग एकेक पाडा. ज्याच्या दारात जात त्याला ते आधी सांगत, "तुझी सायकल मी दुरुस्त केली तवा मला नीट दिसत नव्हतं. एकदा तपासू दे." काही जण हसले. एका म्हाताऱ्यानं त्यांना तिथंच चार शब्द सुनावले, कारण त्याचा नातू त्याच सायकलवर शाळेत जात होता. नवसूंनी ते ऐकून घेतलं. बहुतेक सायकली ठीक होत्या. एकीच्या पुढच्या चाकाचा नट अर्ध्यावरच आवळलेला निघाला. तो त्यांनी पूर्ण आवळला आणि दुसऱ्या बाजूचाही तपासला.

ते कुठं जातात हे मनस्वीला काशीकडून कळलं. त्या संध्याकाळी थेंब टाकून झाल्यावर ती उठली नाही.

"किती राहिल्या?" तिनं विचारलं.

"धसईकडच्या दोन."

"उद्या बसनं जाऊ. मी येते."

हात सुटल्यावर निळ्या सायकलचे ब्रेक तिनं स्वतः बसवले. नवसू समोर पाटावर बसून होते. विचारेल तेवढंच ते सांगत होते, आणि ती फार विचारत नव्हती. अमोलनं कटकट केली, पण सायकल भंगारात गेली नाही.

मनस्वी पुन्हा रविवारी जाऊ लागली. घाट मात्र ती फक्त चढायची. उतरताना सायकल कुठल्या तरी रिकाम्या गाडीत टाकून मोरोशीपर्यंत यायची आणि तिथून पुढं चालवायची. सारिकानं एकदा घरी येऊन चेष्टा केली, तेव्हा मनस्वी शांतपणे म्हणाली, "मला भीती वाटते. वाटते तोवर नाही उतरणार." नवसू ऐकत होते. ते उठून गोठ्याकडे गेले.

फाल्गुनात एका रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर परत आली. सायकल पडवीत टेकवली आणि रांजणातलं पाणी घेऊन चेहरा धुतला. नवसू एका चाकाच्या तारा आवळत बसले होते. त्यांनी तिच्याकडे वर बघितलं. आता त्यांना तिच्या चेहऱ्यावरची धूळ आणि घामाचे ओघळसुद्धा स्वच्छ दिसत होते.

"गाडीतनं आलीस?"

"नाही. उतरून आले."

त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. "सगळा घाट?"

"सगळा. हळूहळू. बोगद्यानंतर दोनदा थांबले."

"पुढचा दाबलास?"

"दोन्ही दाबले," मनस्वी म्हणाली. "मागचा जरा ढिला वाटतोय. बघता का?"

नवसू पाट उचलून सायकलच्या मागं जाऊन बसले. मनस्वी आत न जाता तिथंच, त्यांच्या हातांकडं बघत उभी राहिली.